धोकादायक शाळेचं कुलूप

आमच्या गल्लीतल्या बंद शाळेचे पंखे आज सकाळी उतरवून नेले. कालच लावले होते, मतदानासाठी.

रिकाम्या इमारती तात्पुरत्या वापराला द्यायचं पालिकेचं धोरण आलं, तेव्हा बालवाडीच्या सुमनताईंनी इथला एक वर्ग मागितला होता. "इमारत धोकादायक आहे, बाई," म्हणून पालिकेतल्या साहेबांनी वाटेला लावलं. काल त्याच छपराखाली आख्खी गल्ली रांगेत उभी होती.

"आज नाही का पडणार हे?" ताईंनी वर बघत विचारलं.

"पुढे सरका," पोलीस म्हणाला.

इथे धोकासुद्धा सोय बघून येतो. शिसारी आली.

आता पुन्हा कुलूप लागलंय. बालवाडीची पोरं बाहेर फुटपाथवर गाणी म्हणताहेत, त्याच धोकादायक भिंतीला पाठ टेकून.