पांढऱ्या फुलांचा गुच्छ

लपवायची गोष्ट गप्प बसणारी असेल तर लपवणं सोपं जातं. माझी गोष्ट शिटी वाजवायची. सोलापुरात एका गिरणीमागच्या शाळेत मला दोन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर घेतलं, तेव्हा हेडमास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमच्या आधीच्या बाई हुशार होत्या, पण सारख्या आजारी. कायम करता आलं नाही." मी मान डोलावली. मला लहानपणापासून अधूनमधून दमा होता, त्या दिवशी तो मुकाट बसला होता. दुष्काळ नुकताच सरला होता, वडील नव्हते, घरात आई आणि मी, पगार एकच. कायम व्हायचं तर हेडमास्तरांच्या अहवालात 'प्रकृती उत्तम' हे दोन शब्द लागत होते.

शाळेत लागल्यावर दमा वाढला. मी रजा घेतली नाही. गोळ्या खडूच्या डब्यात ठेवल्या. गोळी घेतली की हात थरथरायचे आणि फळ्यावरचं अक्षर वेडंवाकडं यायचं, म्हणून लिहिणं कमी केलं. बोलायला दम पुरेना, म्हणून वर्गातल्या मुलींना आळीपाळीने मोठ्याने वाचायला लावलं. शाळेची तपासणी झाली तेव्हा या पद्धतीची फार वाखाणणी झाली. बाई स्वतः कमी बोलतात आणि विद्यार्थ्यांना बोलतं करतात, असा शेरा मिळाला. इतर शिक्षकांना माझा तास बघायला पाठवलं.

घरी वेगळीच तपासणी चालली होती. डॉक्टर म्हणाले, "ही ॲलर्जी. कशाची आहे ते तुमचं तुम्हीच शोधा." तो शब्द आमच्या गल्लीत नवा होता. आईने शोध हाती घेतला. दही बंद झालं, मग केळी, मग वांगी. शेजारच्या मांजरीला आमच्या ओट्यावर बंदी झाली. शेवटी शेंगाची चटणी गेली. सोलापुरात राहून शेंगाची चटणी न खाणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. भाकरी दुधात कुस्करून खाताना मला अक्षरशः रडू यायचं. एवढं करून दम लागायचाच, आणि विशेषतः शाळेतला समारंभ झाला की हमखास. त्यावरून मी निष्कर्ष काढला की मला भाषणं सोसत नाहीत.

समारंभ पुष्कळ व्हायचे. सगळ्या शिक्षकांत बाई मी एकटी, त्यामुळे रांगोळी आणि पाहुण्यांचा गुच्छ ही कामं न सांगताच माझी झाली. फुलांना पैसे नव्हते. हेडमास्तरांनीच सुचवलं, "कुंपणापाशी ती पांढरी फुलं मायंदाळ आहेत, ती घ्या." कमरेएवढी झुडपं होती, भर उन्हाळ्यातही हिरवीगार. मी सकाळी लवकर जाऊन ओंजळी भरभरून फुलं तोडायची, मध्ये दोन झेंडू खोवायची, खाली सुतळी बांधायची. गुच्छ भरगच्च दिसायचा. पाहुणे कौतुक करायचे आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटायचा.

दुसरं वर्ष सरत आलं होतं, आठवड्याभरात अहवाल जायचा होता. तेवढ्यात गाजरगवत उपटण्याच्या मोहिमेचा आदेश आला. उद्घाटनाला शेतकी खात्याचे एक अधिकारी आले. मी नेहमीपेक्षा मोठा गुच्छ केला होता.

अधिकारी भाषणाला उठले. "हे गवत ओळखायचं कसं? पान गाजराच्या पानासारखं. फूल बारीक, पांढरं. याने अंगाला खाज सुटते, कित्येकांना दमा लागतो." दाखवायला नमुना हवा म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग टेबलावरच्या गुच्छातली एक काडी उपसली आणि वर धरली.

"हे बघा," ते म्हणाले. मग गुच्छाकडे बघून, "हा कुणी केला?"

हेडमास्तरांच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. ते अभिमानाने म्हणाले, "आमच्या बाईंनी. दोन वर्षं त्याच करतात."

अधिकाऱ्यांनी माईक माझ्याकडे वळवला. "बाई, तुम्हाला श्वासाचा काही त्रास?"

दोन वर्षांत हे मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. माणूस भला होता, आणि त्याच्या शेजारी हेडमास्तर बसले होते.

"नाही," मी म्हणाले. शब्द संपला, पण छातीतली शिटी संपेना. ती माईकमधून सबंध मैदानभर गेली. पुढे बसलेल्या माझ्या वर्गातल्या मुलींनी माना खाली घातल्या. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं.

कार्यक्रम संपल्यावर शिपाईमामा पाण्याचा तांब्या घेऊन आले. ते वैरागकडचे. "बाई, आमच्याकडं ह्या गवताला जनावर तोंड लावत न्हाय. तुमी तर नाकाला लावत व्हता."

"मग मामा, आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी लई हौसेनं करत व्हता की. म्हटलं, शिकलेल्या मानसांचं काय तरी आसंल."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. नोकरी गेली हे धरूनच मी आत गेले. अहवाल समोर होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही आजारी असं लिहिलं, तर वरून विचारतील, कशाने. मग गुच्छाचं लिहावं लागेल. आणि फुलं मीच सुचवली होती, नाही का?" एवढं बोलून त्यांनी 'प्रकृती उत्तम' लिहिलं आणि सही केली. "आता पाहुण्यांना काय द्यायचं?"

"टॉवेल द्या सर," मी म्हणाले. "सोलापुरात आहोत."

त्या दिवशी घरी मी भाकरीबरोबर चार चमचे शेंगाची चटणी खाल्ली. काही झालं नाही. आई घाबरून समोर बसून होती, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला, त्या दोन वर्षांच्या दूधभाकरीचा.

गुच्छ सुटला तसा दमा कमी झाला, पण गेला नाही. गवतही गेलं नाही. पुढच्या थंडीत एकदा छाती भरून आली, तेव्हा वाटलं, आता कायम झालोय, हक्काने रजा घेऊ. अर्जात 'दमा' लिहिलं आणि खोडलं. जिची प्रकृती उत्तम आहे तिला दमा कुठून आला? 'ताप' लिहिलं. नंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक अर्जात तापच लिहिला.

निरोपाच्या दिवशी तेव्हाचे हेडमास्तर म्हणाले, "बाईंची प्रकृती एरवी उत्तम, ताप तेवढा सारखा यायचा." माईक पुन्हा माझ्यासमोर आला. या वेळी नोकरी जायची भीती नव्हती. तरी मी "आभारी आहे" एवढंच म्हणाले आणि टॉवेल घेतला.