पहिलं रीळ शेवटी

आमचा मामा जगातला सगळ्यात मोठा घुम्या. थिएटरात सिनेमाचं यंत्र झकास चालवायचा, पण माणसाशी बोलायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी.

तेव्हा हिंदी बोलपट नवे नवे होते. त्यातले हसवणारे, प्रेमाचे लोकांना फार आवडायचे. पहिल्या रिळात दोघं भेटायची, मग भांडणं, गैरसमज, शेवटच्या रिळात लग्न. खिडकीवर तिकिटं विकणारीला मात्र पहिलं रीळ कधीच दिसायचं नाही. उशिरा येणारे संपले की ती खिडकी लावायची आणि मागच्या दारापाशी येऊन उभी राहायची. खेळ सुटला की मामाला विचारायची, "अहो, पण हे दोघं भेटले कसे?"

मामा म्हणायचा, "भेटले."

बस्स! दोन वर्षं हेच. जीव तिच्यावर जडलेला, आणि तोंडातून शब्द एक. मला अजून राग येतो!

मग एका शनिवारी खेळाआधी ती म्हणाली, "घरच्यांनी एक मुलगा पसंत केलाय. उद्या मला हो की नाही सांगायचंय." आणि थांबली.

मामा म्हणाला, "बरं."

बरं! कपाळ माझं!

त्या दुपारी नायक-नायिकेचं लग्न लागणार, तेवढ्यात मामाने शेवटचं रीळ बाजूला ठेवलं आणि पहिलं पुन्हा चढवलं. पडद्यावर तीच दोघं, एकमेकांना ओळखतही नाहीत आणि एका टांग्यासाठी भांडतायत! लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. मागच्या दारापाशी ती मात्र पोट धरून हसत होती.

मालक धापा टाकत जिना चढून आला. "डोकं फिरलंय का तुझं? चालता हो!"

"जातो," मामा म्हणाला. "पण तिने सुरुवात कधी बघितलीच नव्हती. मला सांगता येईना, म्हणून दाखवली."

एका दमात इतके शब्द! मालक बाजूला सरकला. त्याच्या मागे जिन्यात ती उभी होती.

"उद्या आमच्या घरी यंत्र नसेल," ती म्हणाली. "तोंडाने बोलावं लागेल. याल?"

मामा गेला. मामी सांगते, तीनच वाक्यं बोलला, त्यातलं एक "पाणी मिळेल का?" असं होतं. पण उरलेल्या दोनांत भागलं.

मालकाने नोकरीवर ठेवलं. शेवटचं रीळही त्या दिवशी मागाहून दाखवलं, पण मामी तोवर घरी पळाली होती. परवा मी तिला म्हटलं, "अगं, एकदा तो शेवट बघ ना."

"कशाला?" ती म्हणाली. "लग्नानंतरचं रोज बघतेय की. आता हे गप्पच बसत नाहीत!"