डाव्या चाकाचं माप

दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. 'सस्पेन्शनचं काम' एवढीच दोन शब्दांची पाटी, आणि सगळीकडे ओळख टिचकी मास्तर. हे नाव पडलं ते कॉइलओव्हरमुळे. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंगच्या पोटात बसवलेला शॉकअप. गाडीला असे चार लागतात. स्प्रिंगखालची कडी फिरवली की गाडी वर-खाली होते, आणि वरचा गोल खटका फिरवला की कडक किंवा मऊ होते. तो खटका फिरताना बोटांना टिच्‌ टिच्‌ असा जाणवतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "झालं की मास्तर, मस्त चालतेय." मास्तर म्हणायचे, "एक टिचकी अजून." त्या एका टिचकीपायी भली भली माणसं दुपारभर बाकावर बसून राहिली आहेत. कुणी फारच घाई केली तर मास्तर किल्ली त्याच्या हातात ठेवायचे. "घेऊन जा. फक्त हे काम माझं म्हणून सांगू नका कुठे." असं ऐकल्यावर कोण जातंय? बसायचा बिचारा परत.

तीस वर्षं त्यांनी कडकच गाड्या बनवल्या. येणाऱ्या हौशी लोकांना गाडी जमिनीला टेकलेली हवी असायची, वळणावर केसभरही कलायला नको असायची. समोरचा टॅक्सीवाला म्हणायचा, "मास्तरांनी केलेली गाडी नाण्यावरून गेली तर छाप की काटा तेसुद्धा कळतं." तो चेष्टा करायचा आणि मास्तरांना ते कौतुक वाटायचं. त्यांची स्वतःची जुनी गाडीही तशीच, दगडासारखी. त्यांची बायको म्हणायची, "तुमच्या गाडीतून जाण्यापेक्षा मी चालत जाते. पाय दुखतील, पण माकडहाड तरी शाबूत राहील." यावर सगळ्यात मोठ्यांदा हसायचे ते मास्तर.

तिला शेजारपाजारचे मास्तरीण म्हणत. शाळेची पायरी तिनं शिकवायला कधी चढली नव्हती, पण नवऱ्याच्या नावाचं वजन बायकोच्याही वाट्याला येतंच. ती घरी शिवणकाम करायची. टेप गळ्यात असायची ती नावाला. बाई दारातून आत येईपर्यंत मास्तरणीनं नजरेनंच माप घेतलेलं असायचं. मास्तर मिलिमीटरवर जीव टाकणारे आणि ही अंदाजानं कापणारी. यावरून दोघांची रोज एकदा तरी जुंपायची, आणि गंमत म्हणजे हिचा कपडा कधी चुकला नाही.

मग ती आजारी पडली. आजार मणक्यात उतरला. डॉक्टर म्हणाले, हाडं आतून पोखरली आहेत, धक्का बसू देऊ नका. दवाखान्यातून परत येताना गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर लागला. मास्तरांनी गाडी मुंगीच्या पावलानं घेतली, तरी घ्यायची तेवढी उसळी गाडीनं घेतलीच.  घरी आल्यावर मास्तरांनी पाहिलं तर मास्तरणीचा खालचा ओठ फुटून रक्त आलं होतं. तिनं तो दातांनी चावून धरला होता. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. तीस वर्षं ज्या कडकपणाची फुशारकी मारली, तो त्यांच्याच घरात येऊन चावला होता.

मास्तरणीला आता एकच हवं होतं. तिची मोठी बहीण, ताई, बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे तिनंच हिला वाढवलेलं. ताईचं अर्धं अंग लुळं पडून तीन वर्षं झाली होती, त्यामुळे तिला इकडे आणण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या घराकडे जाताना खाणीचा अकरा किलोमीटरचा रस्ता लागतो. दगडाच्या ट्रकांनी त्या रस्त्याची चाळण केलेली. ताईचं फोनवरचं बोलणं कळत नसे, एक शब्द तेवढा कळे: "कधी?" मास्तरीण फोन ठेवून म्हणायची, "एकदा ताईला बघून आले की मग व्हायचं ते होऊ दे."

अॅम्ब्युलन्सचं विचारून झालं. मास्तरांनी वाकून तिच्या खालचे लोखंडी पाटे पाहिले, ट्रकला असतात तसलेच कडक, आणि तो विचार सोडला. त्यांनी ठरवलं, आपलीच गाडी मऊ करायची. नुसती मऊ नाही, हिच्या हाडांना कळणार नाही इतकी.

मऊ करणं काय सोपं, असं आपल्याला वाटतं. नुसती मऊ केली तर गाडी होडीसारखी डुलते आणि डुलण्यानंही मणका दुखतो. स्प्रिंग माणसाच्या वजनाला जोखून वळवून घ्यावी लागते. मास्तरांनी विचारलं, "वजन किती गं तुझं?"

"बासष्ट," शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली.

मास्तरांनी लिहून घेतलं. गिऱ्हाइकानं सांगितलेल्या आकड्यावर त्यांनी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता. गाडी काट्यावर घातल्याशिवाय पान्याला हात लावत नसत. बायकोनं सांगितलेला आकडा मात्र तसाच धरला.

स्प्रिंगा वळून आल्या. शेजारच्या लेथवाल्यानं, त्यांच्या जुन्या दोस्तानं, वरच्या माउंटिंगच्या तबकड्या कातून दिल्या. शॉकअपच्या आतल्या पातळ चकत्या मास्तरांनी अकरा वेळा बदलल्या. डाव्या सीटवर बासष्ट किलो वाळूचं पोतं ठेवून खाणीच्या रस्त्यावर फेऱ्या मारल्या. मग पोतं काढून लेथवाल्याला गाडी चालवायला दिली आणि स्वतः तिच्या जागेवर डोळे मिटून बसले. आपल्याच गाडीत त्या बाजूला ते पहिल्यांदाच बसत होते. पहिल्या फेरीला त्यांची जीभ दाताखाली आली. ते लेथवाल्याला म्हणाले, "वीस वर्षं ही इथे बसली रे."

महिन्याभरात गाडी अशी झाली की खड्डा दिसायचा पण लागायचा नाही.

पहिल्या रविवारी मास्तरीण दोन मजले उतरून आली. चौतीस पायऱ्या, कठड्याला धरून, पाव तास. ती सीटवर बसली आणि मास्तर टेप घेऊन डाव्या चाकापाशी वाकले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत वाळू असताना तीनशे एकाहत्तर मिलिमीटर भरत होते. आता भरले तीनशे त्र्याहत्तर.

"नवी स्प्रिंग आहे," मास्तर पुटपुटले. "बसेल हळूहळू."

गल्लीला एक चक्कर मारली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अहो, तो स्पीडब्रेकर आला का?"

"गेला."

कितीतरी दिवसांनी ती हसली. "मग निघू या? ताईला फोन करते."

"आज नको. दोन मिलिमीटरचा घोळ आहे. पुढच्या रविवारी."

खरं तर तिथेच निघायला हवं होतं. सांगणाऱ्यालासुद्धा इथे चीड येते. पण टिचकी मास्तरांच्या हातून अर्धवट काम कधी गेलं नव्हतं, ते बायकोच्या वेळी कसं जाणार?

दुसऱ्या रविवारी ती पुन्हा चौतीस पायऱ्या उतरली आणि चढली. माप तीनशे चौऱ्याहत्तर. तिसऱ्या रविवारी तीनशे पंचाहत्तर. लेथवाला तिथेच उभा होता. मास्तरीण वर गेल्यावर तो म्हणाला, "नवी स्प्रिंग बसते म्हणजे गाडी खाली येते. हे मला तूच शिकवलंस. तुझी वर चाललीय."

"कडी सरकत असेल."

"कडीला दोन लॉक आहेत. मीच कातून दिलेत." मग म्हणाला, "वहिनींना काट्यावर उभं केलंस का रे?"

मास्तरांनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मास्तरीण झोपलेली असताना त्यांनी कपाट उघडून तिचे कपडे उलटे करून पाहिले. प्रत्येक कपड्याला आतून शिलाईच्या रेघा होत्या, एका रेघेच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. ती रोज थोडं थोडं आत घेत होती. अंगावर काही ढगळ दिसू नये म्हणून. नवऱ्याची नजर टेपशिवाय चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मास्तर दुकानात आले. शटर अर्धं ओढून घेतलं. वाळूचं पोतं डाव्या सीटवर ठेवलं आणि एकेक ओंजळ वाळू काढत माप घेत राहिले. टेपवर तीनशे पंचाहत्तर आलं तेव्हा थांबले आणि पोतं काट्यावर ठेवलं. चव्वेचाळीस. फरशीवर अठरा किलो वाळूचा ढीग पडला होता. मास्तर त्या ढिगाशेजारी खाली बसले आणि पोराटोरांसारखे रडले. डॉक्टरांनी अजून जे तोंडानं सांगितलं नव्हतं, ते त्यांना चाकानं सांगितलं होतं.

दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी बायकोला गाडीत घालून निघाला असता. मास्तरांनी डोळे पुसले आणि कडी हातात घेतली. चव्वेचाळीसला गाडी नव्यानं लावायची. त्यांच्या हातात तेवढंच होतं, आणि माणूस हातात असेल तेच करत बसतो. आजाराला खटका नव्हता, गाडीला होता.

चौथ्या रविवारी मास्तरीण नवे कपडे घालून खाली आली. हातात कागदात बांधलेलं पुडकं होतं. ताईसाठी तिनं झोपेचा झगा शिवला होता, पाठीवर उघडा आणि नाड्यांचा, म्हणजे न उठवता अंगात चढवता येईल. "आज जायचंच," ती म्हणाली.

"आज फक्त माप. गाडी नव्यानं लावलीय. दोन दिवस खटके तपासतो, मग नक्की."

"मला काहीच लागत नाही हो गाडीत. मागच्या तिन्ही वेळा नाही लागलं. चला ना."

मास्तर चाकाशी वाकलेले होते.

"चला ना," ती पुन्हा म्हणाली. एकच गोष्ट दोनदा मागायची तिची सवय नव्हती.

"तीनशे एकाहत्तर," मास्तर खालून म्हणाले. आवाजात आनंद होता, तो त्यांना नंतर विसरता आला नाही. "बरोबर जुळलं बघ."

ती पुडकं घेऊन वर निघाली. पहिल्या मजल्याच्या वर, बाविसाव्या पायरीवर, ती थांबली. मास्तर मागेच होते. त्यांना बारीक आवाज आला, सुकी काटकी मोडावी इतपत. ती कठडा धरून सावकाश खाली बसली आणि म्हणाली, "अहो, काहीतरी झालं."

मणका दबला होता. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. बसवायचं नाही, उचलायचं नाही, पाठीवर सपाट. मास्तरांनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, आता अंथरुणातच.

मास्तरांनी रस्त्यावरचा एकेक खड्डा मोजला होता. पायऱ्या मोजायच्या राहून गेल्या. खाली उतरायची आणि वर चढायची तिच्यात चार वेळा पुरेल एवढी ताकद होती, आणि त्या चारही वेळा तिनं त्यांच्या टेपला दिल्या. हा हिशेब त्यांनी रोज केला, आणि तो रोज तसाच आला.

आठवड्यानं तीच म्हणाली, "झगा तरी देऊन या ताईला. एवढी खपून गाडी केलीत, ती काय नुसती उभी राहणार?"

शेजारणीला तिच्याजवळ बसवून मास्तर सकाळी निघाले. डाव्या सीटवर चव्वेचाळीस किलोचं पोतं ठेवलं, त्याला पट्टा लावला, पोत्यावर पुडकं ठेवलं. खाणीचा रस्ता लागला. समोरच्या ट्रकांची फाळकी आपटत होती, मागे धूळ उडत होती, आणि मास्तरांची गाडी त्या सगळ्यावरून पाण्यासारखी चालली होती. एवढं चांगलं काम त्यांच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. मोठा खड्डा आला की त्यांना वाटायचं, आता तरी आदळ. एकदा त्यांनी मुद्दाम वेग वाढवून खड्ड्यात घातली. पोत्यावरचं पुडकं हललंसुद्धा नाही.

ताईनं झग्याला बरा असलेला हात लावला आणि मास्तरांच्या पलीकडे दाराकडे पाहिलं. "कधी?" तिनं विचारलं. मास्तर झग्याच्या नाड्या नीट करत राहिले. निघताना ताईनं खुणेनं सुनेला अंगणात पाठवलं. सुनेनं गुलाब तोडून आणला. त्या झाडावर तेवढा एकच उरलेला, पुरता उमलून गेलेला, फुंकरीनं गळेल असा. मास्तरांनी तो पोत्यावर ठेवला आणि आले त्याच रस्त्यानं परत फिरले.

घरी मास्तरीण वाटच बघत होती. ताईचं सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "आणि गाडी? कशी चालली?"

मास्तरांनी वाटेत ठरवून ठेवलं होतं. "कसली चालतेय? नुसती आदळत गेली. त्या रस्त्याला मऊ स्प्रिंग पुरी पडत नाही. हिशेबच चुकला माझा."

"खूप आदळली?"

"खूप. तुला सोसलं नसतं." मग त्यांनी ओंजळीत जपून आणलेला गुलाब तिच्या हातात दिला. "ताईंनी दिलाय."

उभ्या आयुष्यात मास्तरांनी कुणाला खोटं माप सांगितलं नव्हतं, त्यामुळे खोट्याला काय काय झाकावं लागतं याची त्यांना सवय नव्हती. मास्तरणीनं फूल डोळ्यांसमोर धरलं. एकही पाकळी कमी नव्हती. तिनं बोटानं हलकेच स्पर्श केला, आणि सगळ्या पाकळ्या चादरीवर ओघळल्या.

तिनं आधी त्या पाकळ्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. नजरेनं माप घ्यायची तिची सवय अजून गेली नव्हती.

"बरं झालं मग, मी नाही आले ते," ती म्हणाली, आणि चादरीवरच्या पाकळ्या एकेक करून गोळा करू लागली.