मागच्या रांगेचा सूर

समूहगीताची एक रीत आमच्याकडे सगळ्या शाळांत आहे. जिचा आवाज वरच्या पट्टीत जात नाही, तिला गटातून काढत नाहीत. मागच्या रांगेत उभी करतात आणि सांगतात, "तू नुसतं तोंड हलव." मुरबाडकडच्या शाळेत मलाही हेच सांगितलं होतं. मी इमानानं तोंड हलवलं.

कॉलेजात एका सिनियर मुलीनं मला पेटीवर सा आणि ग एकदम दाबायला लावले. मग सा आणि रे. पहिली जोडी छान नांदली, दुसरी खटकली. रे सरकून 'ग'वर आला तशी तीही निवली. हार्मनीचा पाया एवढाच. दोघींनी वेगवेगळे सूर धरायचे, एकमेकींना ऐकत चालायचं, खटकलं तर सोडवायचं. म्हणजे माझा खालचा आवाज बेसूर नव्हताच, त्याला कोणी जागा दिली नव्हती! आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पण पदवीपेक्षा मला हे कळल्याचा माज जास्त आहे. आहे तर आहे.

म्हणून किन्हवलीकडच्या शाळेत लागल्यावर मी गाणं दोन सुरांत बसवलं. खालचा सूर एका पाड्यावरच्या मुलीला दिला. वरच्या सुराच्या पोरी 'ग'वर गेल्या की ती सा धरायची, त्या 'प'वर गेल्या की ती ग. भिंतीसारखी उभी राहायची.

मुख्याध्यापक तालीम ऐकायला आले. "मॅडम, मागची चुकतेय."

"चुकत नाय सर, तिचा सूरच वेगळा आहे." मी पेटीवर वाजवून दाखवलं.

"पेटीचं राहू द्या. भजनात बुवा एक सांगतो नि बाकीचे दुसरंच गातात का? तिला नुसतं तोंड हलवू द्या."

त्यांचं वाक्य संपायच्या आत पोरीनं ओठ मिटले. मला राग आला तो त्या मिटण्याचा. गप्प व्हायचा किती सराव असेल तिला!

"ती गाणार," मी म्हटलं.

"चार बुकं शिकलात म्हणून आमाला गाणं शिकवता?"

"शिकले, म्हणूनच सांगते."

ते वळून ऑफिसात गेले. मला वाटलं, मी जिंकले.

शहापूरच्या स्पर्धेत मी पेटीवर होते. वरच्या पोरींनी सुरुवात केली. खालचा सूर यायच्या जागी काहीच आलं नाही. मी सा जोरात दाबला, मान वळवून बघितलं. पोरगी तोंड हलवत होती. स्टेजवर चढताना सरांनी तिच्या कानात सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. दुसरा नंबर आला. सरांनी ट्रॉफीसोबत फोटो काढून घेतला.

एसटीत ती माझ्या शेजारी बसली. खूश होती. "मॅडम, मी काय आवाज नाय काढला. बरं झालं ना?"

माझ्या तोंडातून शाब्बास निघेना. मग म्हटलं, "उद्या शाळा सुटल्यावर थांब. तू गायचंस. बाकीच्या तोंडं मिटून ऐकतील."

तिनं पुढच्या सीटवर ट्रॉफीसाठी ओढाताण करणाऱ्या पोरींकडे बघितलं. "त्यांचं काय चुकलं, मॅडम?"

"त्यांचं काय नाय चुकलं गो, तुझंही नव्हतं चुकलं," मी म्हटलं. आवाज चढला होता, आणि पुढे बसलेल्या सरांना ऐकू गेला असेल तर बरंच झालं.