ओठ झाकायचे राहून गेले

पडद्यावर एका म्हाताऱ्या माणसाचं तोंड होतं. भिंतभर मोठं. डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेली, कुणाला ओळख पटू नये म्हणून. दोन्ही मनगटं खाटेच्या कठड्याला बांधलेली. नाकातोंडावरचा प्लास्टिकचा मास्क त्याने खांद्याला घासून घासून बाजूला सारला होता आणि तो नुसते ओठ हलवत होता. आवाज नाही. उघड, मीट. उघड, मीट.

सरांनी हातातल्या दिव्याचा लाल ठिपका त्या ओठांवर फिरवला आणि म्हणाले, "हा आमचा टिपिकल भिवंडी पेशंट. मासा बघा, मासा. काठावर काढलेला."

हॉल हसला. माझ्या शेजारी बसलेले डॉक्टर हसता हसता माझ्याकडे वळले, मीही हसावं म्हणून. 

तो मासा माझा बाप होता.

रविवारची सकाळ. बायपासवरच्या हॉटेलातला हा हॉल एरवी लग्नांचा. खुर्च्यांना अजून गुलाबी फिती बांधलेल्या. बाहेरच्या बॅनरवर लिहिलं होतं, फुफ्फुसविकार आणि अतिदक्षता, आणि त्याखाली सरांचा फोटो. डॉक्टर झालं तरी शिकणं संपत नाही. नोंदणी टिकवायची तर अशा व्याख्यानांना, सीएमईला, बसून गुण गोळा करावे लागतात. काहीजण खरंच शिकायला येतात, काहीजण बिर्याणीला. मी मात्र यातल्या कशालाच आले नव्हते.

मी एमबीबीएस आहे. कल्याण रोडवरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ड्युटी डॉक्टर. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही, म्हणून श्वासाचा गंभीर पेशंट आला की आम्ही सरांच्या आयसीयूत पाठवतो. भिवंडीत छातीचं दुखणं म्हटलं की लोक सरांचंच नाव घेतात. बापाला श्वास पुरेनासा झाला तेव्हा मीही त्याला तिथेच नेलं. त्याची फुफ्फुसं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, रुईने कधीचीच भरलेली होती, त्यात ताप आला. मास्कातून जोराने हवा ढकलणारं मशीन लावलं. त्याने भागलं नाही तर घशातून नळी घालून व्हेंटिलेटर. असल्या फुफ्फुसांत एकदा नळी गेली की ती पुन्हा निघेलच असं नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. साध्या नातेवाइकाला निदान अर्धं कळत नसतं, मला सगळं कळत होतं, आणि त्यानेच माझी झोप उडाली होती.

नळी घालणार की नाही, एवढंच मला सरांना विचारायचं होतं. राउंडनंतर लिफ्टपाशी गाठलं तर ते घड्याळाकडे बघत म्हणाले, डॉक्टर आहेस ना तू, मग रविवारी सीएमईला ये, तिथे निवांत बोलू. म्हणून मी आले. आई तिकडे आयसीयूच्या बाहेर चटई टाकून बसली होती आणि मी इथे जीव मुठीत धरून ब्रेकची वाट बघत होते.

भेटीच्या वेळी मी आत जायचे तेव्हा बाप गुंगीत असायचा. हात मोकळे. एकदा मनगटांवर लाल वळ दिसले. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, सलाईनची चिकटपट्टी काढली त्याचे. मी पुढे विचारलं नाही. जास्त प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकाबद्दल स्टाफरूममध्ये काय बोललं जातं ते मी रोज ऐकते.

आता हे ओठांचं सांगितलं पाहिजे. लूमच्या शेडमध्ये कान फाटेल असा खडखडाट असतो. तिथे ओरडूनही उपयोग नाही, म्हणून कोणी आवाज काढतच नाही. ओठ हलवायचे, समोरच्याने वाचायचे. मराठी असो, हिंदी असो. माझे आई-बाप दोघंही शेडमध्ये. बाप लूम चालवायचा, आई सुताच्या कांड्या भरायची. मी शाळेतून येऊन दारात दप्तर घेऊन बसले की बाप आतून ओठांनीच विचारायचा, जेवलीस का. मीही ओठांनीच सांगायचे. ही सवय त्याच्या हाडात गेली होती. जवळ कुठलंही मशीन चालू असलं की त्याचा आवाज बंद. घरात मिक्सर लावला तरी. पुढे त्याचे कान गेले, मग तो सगळ्यांचेच ओठ वाचू लागला. आणि ओठ दिसले नाहीत तर मान डोलवायची. लूमवाले सगळेच असं करतात. काही विचारा, हो.

आयसीयूत सगळ्यांच्या तोंडावर मास्क. आणि बापाच्या उशाशी मशीन चालू.

व्हिडिओच्या आधी सरांनी पेशंटची माहिती पडद्यावर दाखवली होती. विडी, हो. दारू, हो. तेव्हा मला कुठे माहीत की हे माझ्या बापाबद्दल आहे. त्याने उभ्या जन्मात विडी ओढली नाही, कारण शेडमध्ये सूत पेट घेतं. आणि दारू तर आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात आलेली नाही. सर सांगत होते, हे लोक धूळ खातात, विड्या ओढतात, सगळं संपल्यावर आपल्याकडे येतात आणि वर मशीन काढून फेकतात. सहकार्य शून्य. डोक्यात भ्रम झालेला असतो. यांना बांधल्याशिवाय इलाज होत नाही. लोक मोबाईलवर पडद्याचे फोटो काढत होते.

मग ते तोंड आलं. आधी मी खालचा ओठ ओळखला. त्यावर डाव्या बाजूला एक खाच आहे, लूमचा तुटलेला पट्टा लागला होता त्याची.  आणि मग, मला नको असताना, मी वाचायला लागले. लहानपणापासूनचं वाचणं, ते थांबवता येत नाही. हॉल हसत होता आणि मला बाप ऐकू येत होता.

हात सोडा, म्हणत होता. मी पलत न्हाय. पुन्हा तेच. मग, मना भेव वाटतं.

माझा बाप. ज्याने मला आयुष्यात कधी भीती हा शब्द सांगितला नाही.

मग तो म्हणाला, माजी पोर डॉक्टर हाय. तिला बोलवा.

लाल ठिपका अजून ओठांवरच होता.

मी खरं सांगते, उठायचं माझ्या मनात नव्हतं. मनात होतं ते असं की गप्प बस. बाप यांच्याच हातात आहे. नळीचा निर्णय यांच्याच हातात आहे. पुढे-मागे मला आयसीयूचं काम शिकायचं होतं, तेही यांच्याकडेच.  पण बाप म्हणाला होता, तिला बोलवा. आणि मी तिथेच होते. मी त्याच हॉलमध्ये बसून होते.

प्रश्नोत्तरांसाठी मधल्या वाटेत माइक उभा केला होता. तिथपर्यंत मी कशी गेले आठवत नाही. 

"सर, हा व्हिडिओ बंद करा. ते माझे वडील आहेत."

सरांना आधी कळलंच नाही. त्यांना माझ्या बापाची खाट आणि लिफ्टपाशी भेटलेली मी, यांची जोडणी आठवत नव्हती. मग आठवली असावी. ते थोडं हसले.

"डॉक्टर, बसा. आपण सगळे इथे प्रोफेशनल आहोत. ब्रेकमध्ये बोलू."

"त्यांना भ्रम झालेला नाही. ते बोलतायत. काय बोलतायत ते मी सांगते."

मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या तोंडून एकदा 'न्हाय' निसटलं होतं. वर्गात जो हशा पिकला, त्यानंतर मी तो शब्द गिळला तो गिळलाच. खारबावजवळच्या आमच्या वस्तीचं नाव गिळलं. बापाचं लूमवरचं काम गिळलं. कोणी विचारलं तर वडील टेक्सटाइलमध्ये आहेत, असं सांगायचे. आता माइकवर मी बापाचे शब्द बापाच्याच बोलीत म्हटले. हात सोडा. मी पलत न्हाय. मना भेव वाटतं. माजी पोर डॉक्टर हाय. 

कोणी हसलं नाही. पण कोणी उठलंही नाही. मागून एकजण म्हणाला, मॅडम, वेळ होतोय. आणि पुढचा विषय पडद्यावर आला.

चहाच्या वेळी सरांनी मला बाजूला घेतलं. चिडले नव्हते. त्यामुळेच जास्त भीती वाटली. म्हणाले, "चेहरा झाकला होता आम्ही. तू उठली नसतीस तर कोणाला कळलं असतं?"

मी नळीचं विचारलं. बघू, म्हणाले. मग कपात साखर ढवळत, अगदी सहज, म्हणाले, "वडील अजून माझ्याच आयसीयूत आहेत, नाही का?"

 धमकी होती की नुसती चौकशी, मला अजूनही सांगता येणार नाही. त्यांच्या त्या आधीच्या वाक्याने मात्र डोकं भणभणत होतं. कोणाला कळलं असतं. अहो, मी आयुष्यभर याच वाक्यावर जगले. आडनाव नुसतं आद्याक्षरात लिही, कोणाला कळणार आहे. वस्ती सांगू नकोस, कोणाला कळणार आहे. मला वाटायचं, ही माझी हुशारी आहे, माझी सोय आहे. त्या चहाच्या टेबलाशी पहिल्यांदा दिसलं की ही सोय त्यांची होती. मी गप्प राहायचं आणि त्यांनी निवांत हसायचं.

मी जेवायला थांबले नाही. रिक्षा केली. भेटीची वेळ नव्हती, वॉचमनने अडवलं, मी आत गेले. बाप जागा होता. हात बांधलेले, बँडेजच्या पट्टीने, दोन-दोन गाठी. मी गाठी सोडायला लागले तशी सिस्टर धावत आली, सरांची ऑर्डर आहे म्हणाली. मी म्हटलं, मग सरांना फोन लाव. तिने लावला नाही. ती बिचारी माझ्याइतकीच घाबरली होती.

खाटेच्या पायथ्याशी, बापाला दिसेन अशी उभी राहिले. माझ्या तोंडावरचा मास्क खाली केला. आवाज न काढता म्हटलं, मी आले. त्याने बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मोकळ्या झालेल्या हाताने मशीनचा मास्क जरासा उचलला आणि ओठ हलवले.

"घरी जा. साहेब रागवंल. तुजी नोकरी जाल."

बांधून ठेवलेला माणूस माझ्या नोकरीची काळजी करत होता. मला रडूच फुटलं. मी त्याचा मास्क नीट बसवला, पट्टा आवळला, ओठांनीच सांगितलं की हा काढायचा नाही, काढलास तर श्वास अडकेल. त्याने मान डोलवली. या वेळी कळून डोलवली. नंतर मी खुर्ची ओढून तिथेच बसले, त्याने मास्कला हात लावला नाही.

बाहेर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोरी, तो बरा होऊन बाहेर येऊ दे, मग काय भांडायचं ते भांड. बरोबरच आहे तिचं. तिचा नवरा आत आहे.

संध्याकाळी माझ्या नर्सिंग होमच्या मालक डॉक्टरांचा फोन आला. माफी माग, म्हणाले, आपले पेशंट तिथे जातात, उद्या कुठे पाठवणार. मी म्हटलं, माफी मागणार नाही. तो व्हिडिओ जिथे जिथे आहे तिथून काढून टाका असं लेखी मागणार आहे, आणि बांधलं कुणाला विचारून, याचंही उत्तर मागणार आहे. त्यांनी फोन ठेवला.

मी घाबरलेली आहे. बापाचा ऑक्सिजन दर थोड्या वेळाने खाली जातो आणि मी उठून आकडा बघते. नळी घालावी लागेल कदाचित. त्याला वाचवायला सरांचाच हात लागेल कदाचित, हेही मला माहीत आहे.

उद्या सकाळी सर राउंडला येतील. मी खाटेजवळ उभी असेन. बाहेर जा म्हणाले तरी जाणार नाही. ते माझ्या बापाबद्दल माझ्याशी बोलायला लागले की सांगणार, माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोला. आयसीयूच्या काचेच्या पलीकडे उभे राहा हवं तर, पण मास्क खाली करा. नळी का घालायची ते त्यांना समजेल असं, सावकाश, तोंड दाखवून सांगा. नाही केला मास्क खाली, तर पुन्हा सांगणार. न्हाय केला, तर परत सांगणार.