डोळे मिटलेली ठमाबाई

हमरापूरच्या जनूच्या हाताखालून किती गणपती गेले ते त्या गणपतींनाच ठाऊक, पण त्यातला एकही त्याने पुरता रंगवला नव्हता. त्याच्या वाट्याला फक्त डोळे. कारखाना सासऱ्यांचा, बाबाजींचा. अंगाला रंग बायका द्यायच्या, पितांबर नाथा नावाचा कारागीर रंगवायचा, आणि सगळं आटपलं की मूर्ती जनूपुढे यायची. बुबुळ, पापणी, भुवई. याला आखणी म्हणतात. आखणी झाली की त्या मूर्तीला पुन्हा कुंचला लावायचा नाही, उघडलेले डोळे पुसायचे नाहीत, हा तिथला कायदा. चुकले तर? चुकायचंच नाही.

एकदा जनूने भीत भीत विचारलं होतं की एखादी मूर्ती मी सोंडेपासून उंदरापर्यंत रंगवू का. बाबाजी तंबाखू मळत म्हणाले, अंग कोणीही रंगवील, डोळे बिघडले तर देव परत येतो. झालं. वैशाखात पाटावर बसलेला जनू भाद्रपदातच उठायचा.

रोह्याचे हैबतराव दरसाल तिथूनच मूर्ती न्यायचे. त्यांचा छापखाना होता आणि ‘सूरपेटी’ नावाचं मासिक होतं. भजनी मंडळं, शक्ती-तुऱ्याचे सामने, ऑर्केस्ट्रा, नव्या कॅसेटी, सगळ्याची खबर त्यात. तो जमाना कॅसेटचा. न्हाव्याच्या दुकानातही दोन भोंगे लावलेले असायचे. मासिक वाचायला गोड, पण टपरीवर झोपलेलं. हैबतराव मूर्ती न्यायला आले आणि तिच्यासमोर उभेच राहिले. म्हणाले, हा माझ्याकडेच बघतोय.

बघणारच. गणपती उंच मखरात, माणूस खाली पाटावर, म्हणून हमरापूरची नजर जराशी खाली उतरलेली असते. आणि मासिक टपरीवर कुठे असतं? डोक्याच्या वर, दोरीला चिमट्याने टांगलेलं. हैबतरावांच्या डोक्यात तिथेच दिवा पेटला.

मुखपृष्ठाचं त्यांचं शास्त्र ऐकण्यासारखं होतं. एसटी रामवाडीच्या स्टँडात लागते, गिऱ्हाइकाने चहा प्यावा की मासिक बघावं? दोरीवर एकाला एक चिकटून मासिकं, त्यात आपलं अर्धं झाकलेलं. वरच्या चार बोटांत काय ती जादू. नाव पिवळ्यावर लाल, कारण ते लांबून ओरडतं. आणि नावाच्या खाली लगेच डोळे. पेटी, तबला, हार, शाल सगळं खाली गेलं तरी चालेल.

जनूला वाटलं, सुटलो. आता कागदावर अख्खा माणूस काढायला मिळेल. पण हैबतरावांनी पिशवीतून काढला गायकाचा मोठा फोटो, डोळ्यांच्या जागी पांढरा रंग फासलेला. म्हणाले, एवढेच भरा, जनूशेठ.

अंक मात्र धावला. खांब गावच्या टपरीवर एक माणूस मुखपृष्ठाकडे बघत राहिला आणि त्याची एसटी निघून गेली. एका तबलजीच्या बायकोने अंक बघून विचारलं, घरात कधी असं बघत नाय ते? एक पेटीवाला जन्माचा तिरळा. मुखपृष्ठावर त्याची नजर अशी सरळ झाली की कार्यक्रमाला लोक त्यालाच विचारायला लागले, पेटीवाला कधी येणार? लोक हसायचे, जनूही हसायचा. पण दर महिन्याला पांढऱ्या डोळ्यांचा नवा माणूस पिशवीतून निघायचा. पाट तोच, कुंचला तोच. आधी भाद्रपदात तरी सुटका होती, आता बारमाही.

शेवटी एकदा तो अडून बसला. दिवाळी अंकाचं चित्र मी पुरतं काढणार, माझ्या मनाचं. हैबतराव खुशीत होते, हो म्हणून गेले.

जनूने काढली वढावची ठमाबाई, त्याची सख्खी मावशी. खाडीकाठची धवलारीण, लग्नाघरी धवले गाणारी बाई. तिच्या आवाजाशिवाय त्या बाजूची हळद लागत नसे. मिठागरातल्या मिठाने चिरा पडलेले हात, नाकातली नथ, आणि मिटलेले डोळे. ती गायची ती डोळे मिटूनच. जनू तिला सांगूनही आला, मावशी, या दिवाळीला तू पुस्तकावर. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हाताने कान रंगवले, हनुवटी रंगवली, लुगड्याचा काठ रंगवला.

हैबतरावांनी चित्र छापखान्यातल्या दोरीला टांगलं, खालचा भाग झाकेल असं दुसरं मासिक लावलं आणि लांब जाऊन उभे राहिले.

“जनूशेठ, झकास. पण बाई झोपलीय.”

“झोपली नाय, गाते.”

“गाते ती तोंडाने. तोंड गेलं दुसऱ्याच्या खाली. झोपलेल्या बाईला उठवून कोण विकत घेईल?”

छपाईची प्लेट करायला माणूस खोळंबला होता. डोळे उघडा, नाहीतर मागच्या अंकाचा फोटो लावतो, असं सरळ सांगून हैबतराव चहाला गेले. जनू चित्रासमोर बसला. चित्र छापलं नाही तर मावशी घरी वाट बघत राहणार, आणि त्यानंतर पुरतं चित्र कोण देणार? त्याने कुंचला उचलला आणि डोळे उघडले. कोणाचे? हाताला ठाऊक होते तेच, गणपतीचे.

दिवाळी अंक दोनदा छापावा लागला. लोकांनी तो रद्दीत टाकला नाही. कोणी देव्हाऱ्याशेजारी लावला. हैबतराव म्हणाले, आता दर महिन्याला हेच डोळे, कोणाचंही तोंड असो.

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली. जनू अंक घेऊन वढावला गेला तेव्हा ठमाबाई एका हळदीच्या घरी बसली होती. बायकांनी अंक हातोहात फिरवला, एकीने तर कपाळाला लावला. ठमाबाईने तो गुडघ्यावर ठेवून खूप वेळ बघितला.

“ही कोण रे, जनू?”

“तूच गो मावशी.”

“मी गाताना बघत नाय, बाला. बघितलं तं शब्द जातान. ही तं बसून धवला ऐकते. गाणारी कुठं हाय?”

 जनूच्या खिशात बारीक कुंचला असायचाच, हळदीचं तबक पुढ्यात होतं. कुंचला बुडवला, कागदावर नेला, आणि हात तिथेच थांबला. उघडलेले डोळे पुसायचे नाहीत. बाबाजी तिथे नव्हते, कोणी अडवत नव्हतं, तरी हात खाली येईना.

ठमाबाईने त्याच्याकडे बघितलं. ओल्या हळदीत अंगठा बुडवून तिने एक डोळा दाबला, मग दुसरा. पिवळ्या पापण्या झाल्या. मग स्वतःचे डोळे मिटले आणि धवला धरला. बायका मागून गाऊ लागल्या. चित्रात त्याला हवी होती ती बाई समोर बसली होती.

परत येताना रामवाडीच्या टपरीवर दोरीभर ठमाबाया टांगलेल्या होत्या, सगळ्यांची नजर खाली, त्याच्यावर. जनू मान खाली घालून पुढे गेला. पिशवीत पुढच्या अंकाचा बासरीवाला होता, डोळ्यांची वाट बघत.