सायलेन्सरमागची पांढरी टोपी

नोझलवाल्या आक्कांच्या दुकानात जाताना लातूरचे शहाणे गाडीवाले डोक्यावरची टोपी घरी ठेवून जायचे. आक्कांची रीतच तशी होती. गाडीचं काम झालं, की त्या मालकाच्या डोक्यावरची पांढरी टोपी बिनदिक्कत उचलत, सायलेन्सरच्या तोंडामागं धरत आणि ओरडत, "दे रेस!" टोपी पांढरी राहिली तर गाडी पास, काळी झाली तर नोझल पुन्हा बाहेर. "टोपी घालणारे मिस्त्री लातुरात लई हाईत," त्या म्हणायच्या, "टोपी काढून दाखवणारी मी एकटीच."

आक्का मूळच्या उदगीरकडच्या. नवरा डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करायचा. तो गेल्यावर भावकीनं दुकान विकायचा सल्ला दिला. आक्कांनी पदर खोचला आणि टेस्टिंगच्या हातपंपाचा दांडा धरला. नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी, अंगठ्याएवढी वस्तू. ती पंपाला जोडायची, खाली जुनं वर्तमानपत्र पसरायचं, सगळ्यांना हात मागं घ्यायला लावायचं आणि दांडा दाबायचा. चांगली नोझल कर्रकर्र बोलत डिझेलचं धुकं उडवते. बिघडलेली पिचकारी मारते, नाहीतर थेंब गाळत बसते. असली दिसली की आक्का एकच शब्द टाकायच्या, "बेडा!" म्हणजे कानडीत नको. हा शब्द पुढं आम्हा सगळ्या ड्रायव्हरांच्या तोंडात बसला. चहा पांचट निघाला तरी आम्ही कप सरकवून "बेडा" म्हणायचो.

नम्रपणा बाईंच्या अंगाला शिवला नव्हता. "माझ्यासारखा कान नांदेडपत्तुर कुणाला न्हाई," हे त्या भाजीवालीलासुद्धा ऐकवायच्या. वर गंमत अशी, की ते खरंच होतं. गाडी वळणावर असतानाच त्या आतून सांगायच्या, "तिसरं शिलिंडर झोपलंय रे तुझं."

माझं आणि त्यांचं नातं जुळलं ते दुष्काळाच्या साली. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पण साहेबांना दुष्काळी गावं फिरवायला गाड्या पुरेनात. एक खासगी गाडी कायमची भाड्यानं लावून घेणार अशी बातमी फुटली. माझ्याकडं हैदराबादच्या एका ठेकेदाराकडून आलेली, गोल डोळ्यांची जुनी विलायती डिझेल मोटार होती. ती लागली तर मी माझ्या गाडीचा मालक. नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर. त्या कामाची मला रात्रंदिवस आस लागली होती.

आणि नेमका आमच्या बबननं घात केला. बबन म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. त्या साली रिकाम्या पिंपाला सोन्याचा भाव. घरोघरी एकच पिंप, टँकर आला की पाण्याचं, एरवी कशाचंही. बबननं आमचं पाण्याचं पिंप उपडं केलं आणि न पुसता त्यात डिझेल भरून आणलं. तळाचं पाणी डिझेलबरोबर गाडीत गेलं. दोन-चार दिवसांत मोटार खोकायला लागली, मागं काळ्या धुराचे लोट. मोठ्या गॅरेजचे शेठ बघून म्हणाले, "इंजिन गेलं. भंगारात घाल." त्याच कामासाठी शेठनी स्वतःची जीप तयार ठेवली होती, हे मला मागाहून कळलं.

मी रडकुंडीला येऊन, बबनला घेऊन आक्कांकडं गेलो. त्यांनी इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट सैल केला. "नट सोडूनबी आवाज बदलंना. मंजे हितं काम चालतच न्हाई." चारही नोझल बाहेर आल्या, चारही गंजलेल्या. पिंपाची कथा ऐकून आक्का बबनकडं वळल्या.

"माणसाला प्यायला पाणी मिळंना, अन् तू इंजिनाला पाजायलास व्हय रे?"

बबनला तसंच एसटीत बसवून नांदेडला धाडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो नव्या नोझल घेऊन आला. चार वाजता विश्रामगृहावर साहेब गाड्या बघणार होते. मला वाटलं, आता पटापट बसवायच्या. पण आक्कांनी नव्यासुद्धा टेस्टिंगला लावल्या. तीन कर्रकर्र बोलल्या. चौथीच्या टोकावर थेंब जमला.

"बेडा!"

"आक्का, पाया पडतो तुमच्या! एका थेंबानं काय होतंय?"

"पिस्टनला भोक पडतंय. मग साहेबाला किल्लारीच्या रस्त्यावर उन्हात उभा करशील अन् माझं नाव सांगशील. गप बस."

त्यांनी नोझल खोलली. आतल्या बारीक सुईला घासायची पेस्ट लावली आणि ती तिच्या जागेत बोटांनी हळूहळू फिरवत बसल्या. धुतली, जोडली, दांडा दाबला. थेंब. पुन्हा खोलली. पुन्हा थेंब. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि माझा जीव घड्याळाच्या काट्यात अडकला होता. आक्का मात्र कानडीत काहीतरी गुणगुणत होत्या. शेवटी दांडा दाबला आणि कर्रर्र आवाज आला. वर्तमानपत्रावर नुसतं धुकं.

"बोलली की गं बाई!" आक्का स्वतःच्याच पाठीवर थाप मारायच्या बाकी होत्या.

तांब्याचे नवे वॉशर घालून नोझल बसवल्या, नळ्यांतली हवा काढली. मोटार सुरू झाली. बबन मागं चढला. मी सुटणार, तोच आक्का पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "टोपी बघायची राहिली की लेकरा. तिथंच बघू."

विश्रामगृहावर शेठ आपल्या चकचकीत जीपला टेकून उभे होते. आम्हाला बघून मोठ्यानं म्हणाले, "साहेबांना गावं फिरायची हाईत. बाईला माहेरी सोडायचं न्हाई." सगळे हसले. आक्का उतरल्या, सरळ शेठपुढं गेल्या आणि त्यांच्या डोक्यावरची कडक इस्त्रीची टोपी उचलली. शेठचा आ वासला तो तसाच राहिला. आक्कांनी टोपी माझ्या मोटारीच्या सायलेन्सरमागं धरली. ती काळी झाली असती, तर माझं काम तर जाणारच होतं, आक्कांच्या दुकानाचीही गावभर छी-थू झाली असती. मी पाय पॅडलवर ठेवला.

"दे रेस!"

दिली. आक्कांनी टोपी वर करून सगळ्यांना फिरवून दाखवली. जराशी वाफ बसली होती, बाकी परीटघडी! त्यांनी ती दोन्ही हातांनी शेठच्या डोक्यावर नीट बसवली. पायरीवरून हे सगळं बघणारे साहेब हसत म्हणाले, "बाई, आता तीच टोपी जीपच्या मागं धरा." शेठनी दोन्ही हातांनी टोपी घट्ट दाबली आणि चार पावलं मागं सरकले! मोटार लागली. आनंदानं मी तिथंच बबनला मिठी मारली. आठवड्याभरात शेठची जीप आक्कांच्या दारात उभी होती. शेठ बोडक्यानं आले होते.

त्या मोटारीनं माझं घर उभं केलं. ती अजून आहे, अजून चालते. आक्का थकल्यावर दुकान त्यांच्या लेकीनं घेतलं, आणि तिचाही कान आईचाच.

मध्यंतरी आक्का गेल्याचा निरोप आला. मी मोटार काढली. लातुरात आता टोप्या फारशा कुणी घालत नाही, मीही सोडली होती. पण त्या दिवशी पेटीतली धुतलेली टोपी काढून डोक्यावर घातली. त्यांच्या दारात पोचल्यावर इंजिन चालूच ठेवलं. लेक बाहेर आली. तिनं माझ्या डोक्यावरची टोपी काढली, मोटारीमागं गेली आणि रडत रडत ओरडली, "द्या रेस!"

मग ती टोपी घेऊन आत गेली आणि आईच्या उशाशी ठेवली. पांढरीशुभ्र होती.